रविवारचं पाणी

माझा धाकटा भाऊ पाळक आहे आणि मी नर्स. दोघांपैकी लग्न कुणीच केलं नाही. त्याचं देवाशी जुळलं आणि माझं कुणाशीच जुळलं नाही. माझ्या नाकावर कायम राग असतो असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण त्याच रागाने मी हॉस्पिटलात कितीतरी हट्टी रोग्यांना औषध घ्यायला लावलं, हेही लोकांनी सांगावं. मी निवृत्त झाले त्याच सुमारास मिशनने भावाला या गावात नेमलं. त्याला स्वयंपाक येत नाही, आणि कुणाला नाही म्हणणं तर त्याहून येत नाही. तेव्हा मीही बाडबिस्तरा घेऊन त्याच्याबरोबर आले आणि आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मिशनचा छोटा दवाखाना चालवू लागले.

गावात पिण्याजोगं पाणी एकाच जागी होतं, चर्चच्या आवारातल्या हापशाला. आम्ही येण्याच्या आधी मिशनने तो बसवला होता, पण त्याचं खरं श्रेय चावीकाकांचं. चावीकाका म्हणजे चर्चच्या कमिटीतले सगळ्यात जुने सभासद. पेशाने सुतार, चर्चमधले बाक त्यांच्याच हातचे. कमरेला चाव्यांचा जुडगा, चालले की वाजायचा. चर्चची चावी, घंटेच्या खोलीची चावी, दानपेटीची चावी, सगळ्या त्यांच्याकडे. हापशासाठी त्यांनी मिशनच्या ऑफिसाचे उंबरे झिजवले होते. बोअरला पाणी लागलं तेव्हा हा करडा माणूस चिखलात फतकल मारून रडला होता, असं गावात अजून सांगतात.

हापसा सगळ्यांसाठी होता. चर्चला येणाऱ्यांसाठी, न येणाऱ्यांसाठी, आणि तळ्याच्या बांधाखाली राहणाऱ्या वेतकाम करणाऱ्यांसाठीही. त्या वस्तीतलं एकही माणूस चर्चला येत नसे. पाण्यापुढे धर्म विचारायचा नाही, हे मिशनचं म्हणणं होतं आणि चावीकाकांचंही. या बाबतीत त्यांना कुणी बोट दाखवू शकणार नाही.

तरी वस्तीतली पोरं आजारी पडतच होती. मंगळवार उजाडला की माझ्या दवाखान्यातला बाक पुरेनासा व्हायचा. जुलाब, उलट्या, खोल गेलेले डोळे. गुरुवार-शुक्रवारपर्यंत ओसरायचं, की पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मी बायांवर तोंडसुख घ्यायची. घागरी घासता का? झाकण ठेवता का? पोरांचे हात धुता का? त्या मान हलवून सगळ्याला हो म्हणायच्या. "पालथ्या घड्यावर पाणी," मी रात्रीच्या जेवणाला भावाजवळ कुरकुरले.

"घडा पालथा नसेलही, ताई," तो म्हणाला. "पाणीच दुसरं असेल."

"दुसरं कुठून आणतील? दारात हापसा असताना?"

यावर त्याने भाजी वाढून घेतली. वाद टाळायचा असला की त्याला भूक लागते.

त्या बाकावर सगळ्यात जास्त वेळा यायची ती टोपलीवाली आणि तिची मुलगी. मुलगी चारएक वर्षांची, अंगाने काडी, पण बडबडीला खंड नाही. मी तिला चिमणी म्हणायची. तिचा थोरला भाऊ आम्ही यायच्या आदल्या वर्षी अशाच जुलाबांनी गेला होता. आता आईजवळ ही एकटीच. दोनदा मी चिमणीला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. तिसऱ्यांदा अंगातलं पाणी असंच गेलं तर तिच्यात तग धरायला काही उरलेलं नव्हतं, आणि हे मी तिच्या आईला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. गोड बोलून पोरं वाचत नाहीत.

एका रविवारी उपासना आटोपून, जेवून मी चिमणीला बघायला बांध उतरून गेले. तळ्याच्या काठाला बाया रांगेने वाकल्या होत्या. त्याच तळ्यात वेताच्या मोळ्या भिजत टाकलेल्या असतात. पाणी तपकिरी आणि कडू होतं, पलीकडे म्हशी डुंबत असतात. त्या पाण्याने बाया पिण्याच्या घागरी भरत होत्या. त्यात टोपलीवालीही होती.

माझा तोल गेला. "डोळे फुटले का तुमचे? वर हापसा आहे ना?"

सगळ्याजणी गोंधळून एकमेकींकडे बघू लागल्या. मग टोपलीवाली एखाद्या लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "आज रविवार ना, ताई. आज देवाचा दिवस. पाणी उद्या."

मी तशीच चर्चच्या आवारात आले. हापशाच्या दांड्याला साखळी गुंडाळलेली आणि तिला कुलूप. उपासनेपुरती साखळी असते हे मला ठाऊक होतं. हापशाचा दांडा असा किंचाळतो की शेजारच्या भिंतीआड प्रवचन ऐकू येत नाही. पण उपासना संपून किती वेळ झाला होता!

चावीकाका घरी आडवे झाले होते. त्यांना उठवून विचारलं, तेव्हा सगळं कळलं. हापसा नवा होता तेव्हा पहिल्याच रविवारी भांड्यांचा खणखणाट आणि नंबरावरून भांडण, यात उपासना पार बुडाली. पुढच्या रविवारी काकांनी साखळी लावली. उपासना झाली की काढायची, असं ठरलं होतं. पण उपासनेनंतर जेवण, जेवणानंतर झोप. साखळी काढायची संध्याकाळवर गेली, मग सोमवारवर गेली. वरच्या आळीत, आमच्या घरीही, शनिवारीच हंडे भरून ठेवत, म्हणून कुणी तक्रार केली नाही. आणि बाया विचारायला आल्या तेव्हा काकांनी सांगितलं, "आज देवाचा दिवस. पाणी उद्या."

"शनिवारी जास्तीचं भरून ठेवावं त्यांनी," काका म्हणाले.

"कशात? घरटी दोन घागरी आहेत. रविवारी सकाळी त्या कोरड्या होतात."

"नियम एकदा मोडला की सगळंच मोडतं, ताई."

पण त्या दिवशी माझ्या भावाने चमत्कार केला. तो नाही म्हणाला. कमिटीपुढे उभा राहून, कान लाल होईपर्यंत घाबरून, पण म्हणाला: रविवारी हापशाला साखळी राहणार नाही, उपासनेतही नाही. मी मोठ्याने बोलेन. काकांनी साखळी काढून चाव्यांच्या जुडग्यातली एक चावी सोडवली आणि ती टेबलावर ठेवून निघून गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे ताठ.

पुढच्या रविवारी हापसा मोकळा होता. वरच्या आळीतल्या बाया आल्या, दांडा किंचाळला, भाऊ ओरडून ओरडून प्रवचन देत राहिला. माझा ऊर भरून आला. उपासनेनंतर मी बाहेर येऊन बघते, तर बांधाखालून एकही घागर आलेली नव्हती. आम्ही दार उघडं टाकून बसलो आणि पाहुण्यांचा पत्ता नाही.

भाऊ वस्तीत जाऊन समजावून आला. तिथल्या बायांनी त्याला बसायला टोपली पालथी घालून दिली, सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाल्या. पुढच्या रविवारी पुन्हा तळं. मग मी गेले आणि टोपलीवालीला धारेवर धरलं. ती वेत सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "ताई, सहा दिवस तुमचा देव आम्हाला पाणी देतो. आम्ही त्याच्या देवळात पाऊल टाकत नाही, तरी देतो. एक दिवस त्याचा त्याला ठेवायला नको? माणसाला काही लाज असावी की नाही?"

"अगं, पण पाळक स्वतः सांगून गेला ना, भरा म्हणून!"

"ते चांगले आहेत. पण मऊ आहेत. कुणी तोंड वाईट केलं की ते हो म्हणतात." माझ्या भावाला तिने बरोबर ओळखलं होतं. "देवाचा दिवस काय नवीन पाळक आला की बदलतो? चावीकाकांनी सांगितलं होतं ते खरं. ते कुणाची भीड ठेवत नाहीत."

मग तिने हातातला वेत खाली ठेवला आणि मुलाचं सांगितलं. उन्हाळ्यातला रविवार. पोरगं तहानेने कासावीस झालं आणि आईला न विचारता बांध चढून चर्चच्या आवारात गेलं. हापसा बंद. हापशाखाली जनावरांसाठी बांधलेली कुंडी होती, तिच्यात तळाला राहिलेलं पाणी तो ओंजळीने प्यायला. चावीकाकांनी पाहिलं आणि त्याला आवाराबाहेर काढलं. म्हणाले, देव बघतोय.

"ते भल्यासाठीच सांगत होते," टोपलीवाली म्हणाली. "पण उशीर झाला होता. देवाने पाहिलं होतं. मंगळवारी पोर गेलं."

मी नर्स आहे. त्या कुंडीत शेण पडतं, कुत्री तोंड घालतात, कडेला शेवाळाचा थर असतो. पोराला काय झालं ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. मी आयुष्यात फार कमी वेळा गप्प बसले आहे. त्या दिवशी बसले.

घरी येऊन भावाला सांगितलं. तो म्हणाला, "हे तिला कधी कळू नये, ताई."

"आणि मग दर रविवारी तिने चिमणीला तळं पाजावं?"

आम्ही आपले उकळून प्या, उकळून प्या करत राहिलो.

त्यानंतरचा दुसरा की तिसरा रविवार. उपासना संपतेय तोच वस्तीतली एक बाई धापा टाकत आली. चिमणीचे मंगळवारचे जुलाब शुक्रवारी ओसरले होते, ते पहाटेपासून पुन्हा जोराने सुरू झाले होते. मी हापशावरून कळशी भरून घेतली, साखर आणि मीठ घेतलं आणि बांध उतरले. भाऊ झग्यासकट माझ्यामागे.

पोर पोत्यावर पडलेली. बडबड बंद. पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. ओठ पांढरे. मोठं हॉस्पिटल दिवसभराच्या वाटेवर, आणि एवढा वेळ तिच्याजवळ नव्हता. पोटात पाणी गेलं आणि टिकलं तर ती जगणार होती. आईने तळ्याचं पाणी उकळून दिलं होतं. उकळून घाण मरते, वेताचा कडूपणा मरत नाही. पोर प्रत्येक घोट ओकून टाकत होती.

मी कळशीतल्या पाण्यात साखर-मीठ घालून चमचा पुढे केला. टोपलीवालीने माझं मनगट धरलं.

"कधी भरलं हे?"

"आत्ता. ताजं आहे."

तिने कळशी माझ्यापासून लांब सरकवली. रागाने नव्हे. घाबरून. "नको ताई. एक नेलं त्याने. हिला न्यायला त्याला निमित्त नको."

मी ओरडले, हात जोडले, पुन्हा ओरडले. भाऊ उठला आणि शनिवारचं पाणी मागत वरच्या आळीत दारोदार फिरला. पण साखळी निघाल्यापासून रविवारी सकाळी घागरी घासून ताजं भरायची सगळ्यांना सवय झाली होती, आणि आमच्या घरचीही तीच तऱ्हा. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक तांब्या होता. तो तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "हे घे. हे कालचं आहे."

माझा भाऊ लहानपणी कैऱ्या चोरून आला की आईने विचारण्याआधीच कबूल करायचा. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसला.

टोपलीवालीने त्याच्याकडे बघितलं. "तुमच्या देवाची शपथ घेऊन सांगता?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. मग मान खाली घातली.

मी उठले. भाऊ माझ्यामागे दाराबाहेर आला. "कुठे चाललीस?"

"चावीकाकांना आणायला. ती फक्त त्यांचं ऐकेल."

"ताई, त्यांनी खरं सांगितलं तर ती मुलाचं विचारेल."

"विचारू दे," मी म्हणाले. "विचारायला एक पोर तरी जिवंत असू दे."

चावीकाका रविवारचा कोट खुंटीला टांगून पडले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं.

"मी येऊन काय सांगू?" ते म्हणाले.

"हेच, की नियम तुमचा होता."

"माझा कसा? दिवस प्रभूचा आहे."

"आणि साखळी? ती प्रभूने कुठल्या दुकानातून आणली?"

"ताई, जिभेला आवर घाला."

"घालीन, उद्या घालीन. ती पोर मरतेय, काका. आणि तिची आई तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून तिला मरू देतेय. माझ्या भावाच्या नाही, माझ्या नाही. तुमच्या."

ते खाटेवर उठून बसले. "कुणाची पोर?"

"टोपलीवालीची. जिच्या मुलाला तुम्ही कुंडीपासून हाकललं होतंत."

त्यांना आठवलं. मला वाटलं होतं ते विसरले असतील, पण त्यांचा चेहरा बघून कळलं की हा माणूस ते एकही दिवस विसरलेला नाही. फक्त आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते उठले, कोट घातला आणि पायात चपला अडकवल्या.

आवारात जाऊन त्यांनी स्वतः हापसा मारला. आळीतल्या बाया हातातलं काम टाकून बघत राहिल्या. रविवारी चावीकाका हापसतायत, हे बघायला त्या पैसे देऊन आल्या असत्या. त्यांनी एक घागर भरली, खांद्यावर घेतली आणि बांध उतरले. उतारावरही त्यांनी मला घागरीला हात लावू दिला नाही.

झोपडीत ते वाकून शिरले. त्यांना बघून टोपलीवाली चटकन उभी राहिली आणि पदर सावरला. काकांनी घागर खाली ठेवली, ओंजळ भरली आणि तिच्यासमोर प्यायले.

"हे आत्ता भरलंय," ते म्हणाले. "रविवारचं आहे. साखळीचा नियम माझा होता. प्रार्थनेत आवाज यायचा म्हणून मी लावली. मग काढायचा कंटाळा केला. देवाने असलं काही सांगितलेलं नाही. पाज तिला."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि चमचा घेतला. मी वाटीत साखर-मीठ कालवलं. पहिला चमचा पोरीने गिळला. आम्ही सगळे ओकारीची वाट बघत होतो. आली नाही. दुसरा चमचा. तिसरा. बाहेर माणसं गोळा झाली होती. बऱ्याच वेळाने चिमणीने डोळे उघडले, ओठ चाटले आणि स्वतःहून तोंड पुढे केलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि मी ते पुसलंही नाही.

टोपलीवालीचा हात थांबला नाही. वर न बघता तिने विचारलं, "मग माझ्या पोराला देवाने नेलं नाही?"

भाऊ पुढे सरसावला. माझ्याही ओठांवर उत्तर तयार होतं. पोरं कशाकशाने जातात, नक्की कुणी सांगावं, असं काहीतरी. हॉस्पिटलात मी ते शेकडो आयांना सांगितलंय, आणि ते खोटं नसतं.

"नाही," चावीकाका म्हणाले. "कुंडीत घाण होती. त्याला तहान लागली होती आणि हापशाला माझं कुलूप होतं."

मला वाटलं आता ती हंबरडा फोडेल, किंवा घागर उचलून त्यांच्या अंगावर फेकेल. फेकली असती तर मी तिला अडवलं नसतं. ती पोरीला पाजत राहिली. वाटी संपली तेव्हा तिने ती खाली ठेवली, चिमणीचं तोंड पुसलं आणि मग पहिल्यांदा काकांकडे मान वर करून बघितलं. कोपऱ्यातल्या आपल्या दोन्ही रिकाम्या घागरी तिने ओढल्या आणि त्यांच्या पायाशी ठेवल्या.

"हे पुरायचं नाही," ती म्हणाली. "आणखी आणा."

काकांनी दोन्ही घागरी उचलल्या आणि बाहेर पडले. गर्दीने त्यांना वाट दिली. एकेका हातात एकेक घागर घेऊन ते बांध चढू लागले. अर्ध्यावर थांबले, दम घेतला, पुन्हा निघाले. येताना त्या भरलेल्या असणार होत्या. मला ते बघवेना. मी त्यांच्या मदतीला जायला उठले.

"बसा ताई," टोपलीवाली म्हणाली. "त्यांनाच आणू दे."